सम्राटाला कर्ज देणारा सेनापती

माझी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त न्यूरेंबर्गला असतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा एका शनिवारी त्यांनी आम्हाला गाडीने प्रागला नेले. प्रागच्या सौंदर्याचे वर्णन मी करीत नाही. ते काम प्रवासवर्णने लिहिणाऱ्यांनी पुरेसे करून ठेवले आहे. मला सांगायचे आहे ते तिथल्या एका वाड्याविषयी. किल्ल्याच्या पायथ्याशी, जुन्या वस्तीत हा वाडा आहे. तो बांधण्यासाठी आधीची कितीतरी घरे आणि बागा हटवल्या होत्या. १६२३ मध्ये काम सुरू झाले. आज तिथे चेक प्रजासत्ताकाचे सिनेट भरते. पण ठरावीक दिवशी सर्वसामान्यांना आत सोडतात आणि आमच्या सुदैवाने त्यातलाच एक दिवस आम्हाला मिळाला. मुख्य दिवाणखान्यात शिरून मान वर केली, तर छतावर युद्धदेव मार्स रथात बसून चाललेला. आणि त्या देवाचा चेहरा कुणाचा? तर घरमालकाचा!

आमच्या सौभाग्यवती बराच वेळ वर बघत होत्या. मग त्यांनी मला हळूच विचारले, की एवढ्या घराला कर्ज कुठल्या बँकेने दिले असेल? बत्तीस वर्षे बँकवाल्याबरोबर संसार केल्याचा हा परिणाम. मला उत्तर येत होते, पण ते उलटे होते. या माणसाला कुणी कर्ज दिले हा प्रश्न नंतरचा. तो स्वतःच त्या काळच्या सम्राटाला कर्ज देत होता. किती, कसे आणि शेवटी त्या कर्जाचे काय झाले, याची ही गोष्ट.

आल्ब्रेख्त फॉन वालेनस्टाईन हे नाव आपल्याकडे झालेच तर जर्मन साहित्याच्या अभ्यासकांना माहीत असते, कारण शिलरने त्याच्यावर तीन भागांचे नाटक लिहिले. युरोपात मात्र तीस वर्षांच्या युद्धाची, म्हणजे १६१८ ते १६४८ या काळाची, गोष्ट त्याच्यावाचून सांगताच येत नाही. हे युद्ध धर्माचे म्हणून ओळखले जाते. एका बाजूला कॅथलिक, दुसऱ्या बाजूला प्रोटेस्टंट. त्यातही लुथरचे अनुयायी वेगळे आणि कॅल्व्हिनचे वेगळे. आजचा जर्मनी तेव्हा शेकडो लहानमोठ्या संस्थानांत विभागलेला होता. त्या सर्वांवर नावापुरता एक सम्राट व्हिएन्नात बसे आणि त्याची निवड इलेक्टर म्हणवणारे सात राजे करीत. सम्राटाचा मान मोठा, तिजोरी लहान. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, म्हणजे पुढचे सगळे नीट कळते.

वालेनस्टाईनचा जन्म २४ सप्टेंबर १५८३ चा, बोहेमियातल्या एल्ब नदीकाठच्या हेर्मानित्से या गावचा. घराणे सरदारांचे, पण बेताचे, धर्म प्रोटेस्टंट. बारा वर्षांचा होईपर्यंत आई आणि वडील दोघेही गेले आणि एका नातेवाईक काकांनी त्याला सांभाळले. न्यूरेंबर्गजवळ आल्टडोर्फला त्याला शिकायला ठेवले होते. तिथे त्याने अभ्यासापेक्षा मारामाऱ्याच अधिक केल्या. स्वतःच्या नोकराला तर इतके बदडले, की भरपाई द्यावी लागली. लवकरच शिक्षण आटोपले. मग इटलीत भटकंती, १६०४ मध्ये हंगेरीत तुर्कांविरुद्ध लढाई, आणि त्यानंतर थोड्याच काळात कॅथलिक पंथाचा स्वीकार. त्यामागे श्रद्धा किती आणि हिशेब किती, हे त्याचे त्यालाच ठाऊक. एवढे खरे, की व्हिएन्नाच्या दरबाराची वाट त्या दारातून जात होती.

१६०९ मध्ये त्याने लुक्रेत्सिया नावाच्या श्रीमंत विधवेशी लग्न केले. मोराव्हियातल्या तिच्या जहागिरी त्याच्याकडे आल्या आणि १६१४ मध्ये ती वारल्यावर त्याच्याच राहिल्या. या लग्नाची एक गंमत आहे. आदल्या वर्षी त्याने एका मध्यस्थामार्फत, नाव न सांगता, आपली पत्रिका करून घेतली होती. करणारा ज्योतिषी साधासुधा नव्हता. ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात हे जगाला सांगणारा योहानेस केपलर! केपलरने लग्न तेहतिसाव्या वर्षी सांगितले होते. ते पंचविसाव्या वर्षीच झाले. वालेनस्टाईनने पत्रिकेच्या समासात तशी नोंद करून ठेवली आणि पुढे १६२४ च्या अखेरीस ती दुरुस्तीसाठी परत पाठवली. पत्रिकेवर विश्वास ठेवणारे पुष्कळ पाहिले. तिचे ऑडिट करणारा हा एकच.

१६१८ च्या मे महिन्यात प्रागच्या किल्ल्यात प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाच्या अधिकाऱ्यांना खिडकीतून खाली फेकले आणि युद्धाची ठिणगी पडली. वालेनस्टाईन तेव्हा मोराव्हियाच्या सैन्यात कर्नल होता. मोराव्हिया बंडखोरांकडे झुकू लागल्यावर त्याने आपली पलटण घेऊन सम्राटाकडे जायचे ठरवले. एका मेजरने विरोध केला, तर त्याला तलवारीने जागच्या जागी ठार केले. पलटणीतले बरेचसे शिपाई त्याला सोडून गेले. पण जाता जाता, ३० एप्रिल १६१९ रोजी, त्याने ओलोमोउत्स शहरातला मोराव्हियाचा खजिना गाड्यांत भरला आणि थेट व्हिएन्ना गाठली. पुढे सम्राट झालेल्या फर्डिनांडला इतकी लाज वाटली, की त्याने पैसे परत केले. पैसे गेले, पण माणूस लक्षात राहिला. धाडस, क्रौर्य आणि रोख रक्कम कुठे असते याचे अचूक ज्ञान, हे तिन्ही गुण त्या एका दिवसात दिसले.

८ नोव्हेंबर १६२० रोजी प्रागजवळ व्हाइट माउंटन या टेकडीवर बोहेमियाच्या बंडखोरांचा पराभव झाला. जून १६२१ मध्ये २७ पुढाऱ्यांना प्रागच्या चौकात देहदंड दिला गेला आणि शेकडो कुटुंबांच्या जमिनी जप्त झाल्या. त्या विकायला निघाल्या. प्रत्येक सत्तांतरात काही माणसे रडत असतात आणि काही लिलावाच्या याद्या वाचत असतात. वालेनस्टाईन याद्या वाचणारा होता. मात्र घ्यायच्या म्हटल्या तर पैसा हवा, आणि तो पैसा कुठून आला हा या चरित्रातला सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे.

फेब्रुवारी १६२२ मध्ये सम्राटाने बोहेमिया, मोराव्हिया आणि खालचा ऑस्ट्रिया इथल्या टांकसाळी वर्षभरासाठी पंधरा जणांच्या मंडळीला मक्त्याने दिल्या. मक्त्याची रक्कम ६० लाख गुल्डन. मंडळीत प्रांताचा गव्हर्नर लिख्टेनस्टाईन होता, प्रागच्या ज्यू वस्तीतला सावकार याकोब बासेवी होता, अँटवर्पहून येऊन प्रागला स्थायिक झालेला व्यापारी हान्स द विट्ट होता, आणि वालेनस्टाईनही होता. एका मार्कमध्ये, म्हणजे सुमारे पाव किलो चांदीत, पूर्वी १९ गुल्डनची नाणी पडत. या मंडळीने तेवढ्याच चांदीत ७९ गुल्डन पाडायला सुरुवात केली. उरलेले तांबे. भाव भडकले. पगारदार आणि साठवणूक करणारे धुळीला मिळाले. १६२३ च्या अखेरीस सरकारने त्या नाण्याची किंमत एका हुकमाने जवळपास दशांशावर आणली. ज्यांच्याकडे नाणी होती ते बुडाले. ज्यांनी तोवर ती देऊन जमिनी घेतल्या होत्या ते तरले. वालेनस्टाईनने टांकसाळीला दिलेली चांदी इतरांच्या मानाने थोडीच होती. त्याचा खरा फायदा खरेदीत झाला. पन्नासाहून अधिक जहागिरी त्याने घेतल्या, काही विकल्या, आणि उत्तर बोहेमियात सलग असा एक मुलूख तयार केला. फ्रिडलांड त्याचे नाव. राजधानी यिचीन हे छोटे गाव. १६२३ मध्ये त्याने दुसरे लग्न केले, सम्राटाचा सल्लागार काउंट हाराख याची मुलगी इझाबेला हिच्याशी. दोनच वर्षांत तो फ्रिडलांडचा ड्यूक झाला.

मी बँकेत असताना अशी माणसे लहान प्रमाणावर पाहिली आहेत. कागद सगळे चोख. कायद्याच्या एकाही कलमाचा भंग नाही. तरी फाइल मिटल्यावर हात धुवावेसे वाटत.

१६२५ मध्ये डेन्मार्कचा राजा ख्रिस्तियान युद्धात उतरला. कॅथलिक बाजूला सेना होती, पण ती बव्हेरियाच्या माक्सिमिलियनच्या पुढाकाराने चाललेल्या संघाची, वृद्ध सेनापती टिलीच्या हाताखालची. सम्राटाची स्वतःची अशी सेना नव्हती आणि उभारायला पैसा नव्हता. वालेनस्टाईनने सांगितले, मी उभारतो. पहिला आकडा २४ हजारांचा होता. पुढच्या काही वर्षांत तो कागदोपत्री लाखाच्या वर गेला.

याची रीत समजून घेण्यासारखी आहे. सेनापती कर्नल नेमी. कर्नल स्वतःच्या खिशातून किंवा कर्ज काढून पलटण उभी करी: शिपाई भरती, हत्यारे, घोडे, सगळे. म्हणजे प्रत्येक कर्नल हा एक गुंतवणूकदार. ती गुंतवणूक सुटायची ती खंडणीतून. सैन्य ज्या मुलखात उतरेल तिथल्या शहरांनी दर ठरावीक मुदतीला रोख रक्कम द्यायची, धान्य, दाणावैरण आणि राहायला घरे द्यायची. मुलूख शत्रूचा असो की मित्राचा. लुटीला लावलेली ही शिस्त होती. लुटारू एकदा गाव जाळतो आणि दुसऱ्या वर्षी त्याला काही मिळत नाही. वालेनस्टाईनला दुसऱ्या वर्षीही हवे होते. पण शेतकऱ्याच्या अंगणातून पाहिले तर फरक किती होता, सांगवत नाही.

हा पैसा जमायला महिने लागत आणि शिपायाला पगार आज हवा. मधली दरी हान्स द विट्टने भरून काढली. द विट्ट हॅम्बुर्ग, न्यूरेंबर्ग, फ्रँकफुर्ट, अँटवर्प, आम्स्टरडॅम इथल्या पेढ्यांवर हुंड्या काढी आणि दरमहा सेनापतीला रक्कम पोचवी. खंडणी आली की हुंड्या वटवायच्या. इथे आणखी एक मजा आहे. द विट्ट कट्टर कॅल्व्हिनपंथी. बोहेमियातून प्रोटेस्टंटांची हकालपट्टी चालली असताना त्याला हात लावण्याची कुणाची छाती नव्हती, कारण कॅथलिक सम्राटाची फौज त्याच्या सहीवर जेवत होती.

आणि फौजेला लागणारा माल? तो फ्रिडलांडहून यायचा. वालेनस्टाईनने आपल्या ड्यूकपदाच्या मुलखात एकाही पलटणीला तळ ठोकू दिला नाही. तिथे शेती, गिरण्या, लोखंडाच्या भट्ट्या, दारूगोळा, कापड, चामडे यांचे उत्पादन चाले. आपल्या कारभाऱ्यांना तो रणांगणावरून पत्रांमागून पत्रे पाठवी. एका पत्रात त्याने पायदळासाठी १० हजार जोड बुटांची मागणी केली आहे आणि प्रत्येक जोड दोरीने एकत्र बांधून पाठवावा, म्हणजे वाटताना घोटाळा होणार नाही, अशी सूचनाही. लढाया जिंकणारे सेनापती इतिहासात पैशाला पासरी सापडतील, पण बूट जोडीने बांधा हे सांगणारे किती? अर्थात हे बूट फौज विकत घेई आणि रक्कम ड्यूकच्या खात्यात जमा होई. एका हाताने सम्राटाला उसने देणे, दुसऱ्या हाताने त्याच पैशाचा माल विकणे. आमच्या तपासणीखात्याने याला काय शेरा मारला असता, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

लढायांत मी फार शिरत नाही. २५ एप्रिल १६२६ रोजी देसाऊच्या पुलाशी त्याने मान्सफेल्डला हरवले. ऑगस्टमध्ये टिलीने लुटर इथे डेन्मार्कच्या राजाला हरवले, आणि १६२७ मध्ये सम्राटाच्या फौजा थेट डेन्मार्कच्या जटलंडपर्यंत पोचल्या. आता सम्राटाच्या डोक्यावर वालेनस्टाईनच्या कर्जाचा डोंगर होता. फेड रोखीत होणे अशक्यच. तेव्हा आधी सागानची जहागीर, मग मेक्लेनबुर्गचे अख्खे राज्य, तिथल्या वंशपरंपरागत राजांना हाकलून, कर्जापोटी त्याच्या नावे लावण्यात आले. बोहेमियातला एक पोरका सरदारपुत्र राज्यकर्त्या राजांच्या पंक्तीला येऊन बसला. जर्मनीतल्या जुन्या राजांना हा घास गिळवेना. आज मेक्लेनबुर्ग, उद्या कोण? १६२८ च्या उन्हाळ्यात बाल्टिक किनाऱ्यावरच्या श्ट्रालझुंड या बंदराने त्याचा वेढा परतवून लावला, तेव्हा कॅथलिक राजांच्याही वाड्यांत समाधान पसरले असावे. तो वेढा सुरू करणारा त्याचा सरदार आर्निम लुथरपंथी होता, हेही सांगितले पाहिजे. वालेनस्टाईन शिपायाची शपथ बघे, प्रार्थना नाही.

मार्च १६२९ मध्ये फर्डिनांडने फर्मान काढले, की १५५२ नंतर प्रोटेस्टंटांनी घेतलेली चर्चची सर्व मालमत्ता परत करावी. वालेनस्टाईनला ते पसंत नव्हते. यातून नवे शत्रू निर्माण होतील एवढे त्याला स्पष्ट दिसत होते. ते पुढच्याच वर्षी झाले. स्वीडनचा राजा गुस्ताव्ह अडॉल्फ जुलै १६३० मध्ये सैन्यासह जर्मन किनाऱ्यावर उतरला. आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात रेगेन्सबुर्गला जमलेल्या इलेक्टरांनी सम्राटाकडे एकच धोशा लावला, की वालेनस्टाईनला काढा. फर्डिनांडला आपल्या मुलाची भावी सम्राट म्हणून निवड करून घ्यायची होती. त्याने १३ ऑगस्टला सेनापतीला बडतर्फ केले. निवड मात्र तरीही पदरात पडली नाही.

वालेनस्टाईन तेव्हा मेमिंगेनला होता. त्याने शांतपणे हुकूम स्वीकारला आणि तो आपल्या मुलखात परतला. पण प्रागमध्ये एका माणसाला शांत राहणे शक्य नव्हते. सेनापती गेला म्हणजे खंडणीची हमी गेली. हॅम्बुर्गपासून आम्स्टरडॅमपर्यंत द विट्टच्या हुंड्या परत येऊ लागल्या. थोड्या मुदतीचे पैसे उचलून लांब मुदतीच्या, बेभरवशाच्या येण्यावर पोसलेला तो डोलारा होता. ११ सप्टेंबर १६३० रोजी हान्स द विट्टने आपल्या घराच्या बागेतल्या विहिरीत जीव दिला. वालेनस्टाईनने बातमी ऐकून कारभाऱ्याला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. द विट्टकडे आपल्यासाठी आलेले भिंतीवरचे गालिचे, सोनेरी कातडी वगैरे सामान आधी ताब्यात घ्यावे, असा त्याचा मजकूर.

ते पत्र वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण सांगतो. मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी असताना एक लहान ठेकेदार आमचा कर्जदार होता. रस्त्याचे काम त्याने पुरे केले, पण सरकारी खात्याकडून बिले निघेनात. हप्ते थकले. वरून विचारणा आली आणि मी नोटीस काढली. नियमाप्रमाणेच काढली. त्याने ट्रक विकला, घर विकले, पै न् पै भरली. दीड वर्षाने बिले निघाली, तेव्हा तो गाव सोडून गेला होता. नोटिशीवर सही करताना मला काळजी होती ती एकाच गोष्टीची: ट्रकच्या विम्याची मुदत संपलेली तर नाही ना! वालेनस्टाईनच्या गालिच्यांपेक्षा माझा विमा फार वेगळा नव्हता.

त्याच वर्षी, १५ नोव्हेंबरला, आणखी एक धनको गेला. केपलर! सम्राटाकडे त्याचे सुमारे १२ हजार गुल्डन थकले होते. फर्डिनांडने ती जबाबदारी वालेनस्टाईनवर ढकलली होती, आणि केपलर १६२८ पासून सागानला त्याच्या आश्रयाला राहिला होता. पूर्ण पैसे कुणीच दिले नाहीत. थकबाकीच्या मागे हिंडता हिंडता तो आजारी अवस्थेत रेगेन्सबुर्गला पोचला आणि तिथेच वारला.

पुढचे दीड वर्ष सम्राटाला भारी गेले. मे १६३१ मध्ये टिलीच्या फौजेने मॅग्डेबर्ग शहर जाळले. सुमारे २० हजार माणसे मेली. सप्टेंबरमध्ये ब्राइटेनफेल्डला स्वीडनच्या राजाने टिलीचा धुव्वा उडवला. या लुथरपंथी राजाला पैसा कोण पुरवीत होते? कॅथलिक फ्रान्स, वर्षाला ४ लाख थेलर, कार्डिनल रिशल्यूच्या संमतीने. एप्रिल १६३२ मध्ये टिली जखमी होऊन मेला. सम्राटाला पुन्हा जुन्या सावकाराच्या दारात जावे लागले. वालेनस्टाईनने आधी तीन महिन्यांपुरते म्हणून मानले आणि मग एप्रिलमध्ये ग्योलर्सडोर्फ इथे पक्का करार केला. त्या कराराची अस्सल प्रत टिकलेली नाही. एवढ्या मोठ्या व्यवहाराचे मूळ कागद नसणे म्हणजे पुढे तंटा ठरलेलाच.

१६ नोव्हेंबर १६३२ रोजी लाइपझिगजवळ लुट्सनला धुक्यात लढाई झाली. आदल्या दिवशी वालेनस्टाईनने आपला सरदार पापेनहाइम याला घाईघाईने चिठ्ठी पाठवून परत बोलावले होते. पापेनहाइम आला आणि प्राणांतिक जखमी झाला. त्याच्या रक्ताचे डाग पडलेली ती चिठ्ठी व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात आहे. गुस्ताव्ह अडॉल्फ धुक्यात आपल्या लोकांपासून तुटला आणि मारला गेला. वालेनस्टाईन स्वतः संधिवाताने इतका जर्जर झाला होता, की एरवी पालखीतून फिरे. २०११ मध्ये त्या मैदानात ४७ सैनिकांची एक सामूहिक कबर सापडली. कोण कुठल्या पंथाचा, हे हाडांवर लिहिलेले नसते.

१६३३ चे वर्ष त्याने बोलण्यांत घालवले. सॅक्सनीशी, स्वीडनशी, बोहेमियातून परागंदा झालेल्या सरदारांशी, फ्रान्सशीही. त्याला नेमके काय हवे होते यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. माझे मत विचाराल तर त्याला युद्ध थांबवायचे होते, आणि आपले कर्जही सोडायचे नव्हते. प्रत्येकाला तो थोडे थोडे सांगत गेला, त्यामुळे कुणाचाच त्याच्यावर विश्वास राहिला नाही. नोव्हेंबरात रेगेन्सबुर्ग शत्रूच्या हाती पडले. तो मदतीला गेला आणि अर्ध्या वाटेतून बोहेमियात परतला. व्हिएन्नात कुजबुज वाढली.

१२ जानेवारी १६३४ रोजी पिल्सेनला त्याच्या ४९ अधिकाऱ्यांनी एका कागदावर सह्या करून त्याला न सोडण्याची शपथ घेतली. बहुतेक ग्रंथांत हा प्रसंग बंडाची तयारी म्हणून येतो. मला तो वाचताना धनकोंची सभा दिसते. या कर्नलांनी आपल्या पलटणींत घातलेला पैसा वालेनस्टाईनच्या शब्दावर घातला होता. तो गेला तर द विट्टसारखी विहीर शोधायची पाळी त्यांच्यावर येणार होती. म्हणून सह्या झाल्या. आणि म्हणूनच त्या टिकल्या नाहीत. २४ जानेवारीला सम्राटाने गुप्तपणे त्याला पदावरून काढले. गालास आणि पिकोलोमिनी या त्याच्याच सरदारांकडे कामगिरी सोपवली. तुमचे येणे आता वालेनस्टाईनकडून नव्हे, वालेनस्टाईनच्या जहागिरींतून मिळेल, हे अधिकाऱ्यांच्या लक्षात आले. १८ फेब्रुवारीला राजद्रोहाचा आरोप उघड जाहीर झाला, तेव्हा एकेक पलटण निघून गेलेली होती.

२२ फेब्रुवारीला तो पिल्सेन सोडून एगरला, आजच्या चेब गावाला, निघाला. स्वीडिश सैन्याशी हातमिळवणी करण्याची त्याला आशा होती. बरोबर जेमतेम एक-दीड हजार माणसे. वाटेत आयरिश कर्नल बटलरची पलटण भेटली. त्याने तिला सोबत घेतले. बटलरचे मन केव्हाच फिरले आहे हे त्याला कळले नाही. २५ तारखेच्या संध्याकाळी एगरच्या किल्ल्यात त्याच्या चार निष्ठावंतांना, इलोव, ट्रचका, किन्स्की आणि नॉयमान यांना, मेजवानीला बोलावून ठार केले गेले. मग कॅप्टन डेव्हरू काही शिपायांसह चौकातल्या पाखेलबेल यांच्या घराचा जिना चढला. बाहेर वादळी वारा होता. वालेनस्टाईन रात्रीच्या पोशाखात होता. हाताशी हत्यार नव्हते. डेव्हरूने भाला छातीत खुपसला. पन्नास वर्षे, पाच महिने. प्रेत गालिच्यात गुंडाळून खाली ओढत नेले.

कटाचे सूत्रधार तिघे: बटलर कॅथलिक, गॉर्डन आणि लेस्ली हे दोघे स्कॉटिश प्रोटेस्टंट. केपलरने दुसऱ्यांदा करून पाठवलेल्या पत्रिकेतले भाकीत १६३४ च्या मार्चमध्ये भयंकर गोंधळ सांगून थांबले होते. काही दिवसांचा फरक पडला.

फर्डिनांडने मारल्या गेलेल्यांच्या आत्म्यांसाठी ३ हजार प्रार्थना करवल्या असे नमूद आहे. त्याआधी त्याने मालमत्ता जप्त केली. फ्रिडलांड गालासला, नाखोद पिकोलोमिनीला, नोव्हे मेस्टो लेस्लीला. फौजेच्या थकलेल्या पगाराचा मोठा भाग अशा रीतीने मिटला; आणि राजद्रोह्याचे येणे द्यायचे नसते, त्यामुळे सम्राटाच्या नावावरचे लक्षावधी गुल्डनचे कर्जही. एका भाल्यात दोन्ही खाती बंद झाली.

इझाबेला आणि लहानगी मुलगी मारिया एलिझाबेथ मागे राहिल्या. मुलगा कार्ल तान्हा असतानाच, १६२८ मध्ये गेला होता. आपले काही मिळावे म्हणून इझाबेलाने सम्राटाकडे पिच्छा पुरवला. अखेर तिला एक जहागीर परत मिळाली. पण त्याहून मोठे काम तिने केले ते १६३६ मध्ये. मीस या गावी घाईने पुरलेले नवऱ्याचे प्रेत तिने परवानगी काढून यिचीनजवळच्या वाल्दित्से मठात आणवले आणि पहिली बायको लुक्रेत्सिया हिच्याशेजारी ठेवले. मठ त्यानेच स्थापन केला होता. १७८२ मध्ये तो बंद झाला. मग दोघांचे अवशेष म्निखोवो ह्रादिश्टेच्या चर्चमध्ये नेण्यात आले. वाल्दित्सेच्या मठात आता तुरुंग आहे. यिचीनहून तिकडे जाणारी लिंडेनच्या झाडांची चार ओळींची सरळ वाट मात्र त्याने आखली तशीच आहे.

प्रागच्या वाड्यातून बाहेर पडताना आम्ही बागेत थोडे बसलो. तिथे मोर मोकळे फिरतात. कारंज्याच्या वाटेवर आद्रियान द फ्रीसचे ब्राँझचे पुतळे आहेत. सौभाग्यवतींना ते फार आवडले. खालच्या पाटीवर जावयाने वाचून दाखवले, की या प्रतिकृती आहेत. अस्सल पुतळे १६४८ मध्ये स्वीडिश फौजेने लुटून नेले. ते स्टॉकहोमजवळच्या राजवाड्याच्या बागेत आहेत.